विजेची वेळ

महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला विजेचं वेळापत्रक पाठ असायचं. २००५ नंतरची काही वर्षं आठवून पाहा. भारनियमनाचा तक्ता यायचा, आपला फीडर कोणत्या गटात पडलाय ते त्यात शोधायचं, आणि मग सगळं घर त्या तक्त्याप्रमाणे चालायचं. लाईट जायच्या आत टाकी भरून घ्यायची, वाटण करून घ्यायचं, दळणाचा डबा गिरणीत नेऊन ठेवायचा. निफाड तालुक्यातल्या माझ्या माहेरी तर शेतपंपांच्या थ्री फेज विजेची पाळी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात वडील जेवण झालं की अंगावरच्या कपड्यांनिशी आडवे व्हायचे. मध्यरात्री खांबावरचा दिवा लागला की उशाची बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. पहाटे परतले की पायांना गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोळे लाल. आई चुलीपाशी पाणी तापवून ठेवायची. वीज आली की उठायचं, वीज गेली की थांबायचं. तिला 'आत्ता नको, उद्या दुपारी ये' असं सांगता येईल, हे कोणाच्या मनातही आलं नसतं.

म्हणून घरी विजेवरची मोटार आली आणि तिच्या ॲपनं पहिल्याच दिवशी 'चार्जिंग किती वाजता सुरू करायचं?' असं विचारलं, तेव्हा त्या प्रश्नानं मला धरून ठेवलं. विक्रेत्याच्या माणसानं ते पान घाईघाईनं पुढे सरकवलं होतं. त्याला गाडीचा पल्ला, वेग, आतला मोठा पडदा यांबद्दल बोलायचं होतं. मला मात्र त्या सगळ्या यंत्रात तो एक प्रश्नच महत्त्वाचा वाटला, आणि अजूनही वाटतो.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाऊसमध्ये राहतो. गाडी आली त्या संध्याकाळी हार घालून झाला, पेढे वाटून झाले, आणि आता प्लग लावून बघूया म्हणून सगळे पार्किंगमध्ये जमले. माझे सासरे, अण्णा, पायरीवर बसले होते. ते एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झाले, बराच काळ कंट्रोल रूममध्ये पाळ्या केलेला माणूस. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, प्लग लावून ठेव, पण चालू आत्ता करू नकोस. सव्वासात वाजलेत. आत्ता सगळा महाराष्ट्र दिवे लावतोय."

त्या रात्री जेवताना अण्णा एकलहऱ्याबद्दल जेवढं बोलले, तेवढं मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. १९७० आणि ७१ मध्ये तिथले पहिले दोन संच सुरू झाले. मग १९७९ ते ८१ च्या दरम्यान २१० मेगावॅटचे तीन संच आले. जुने दोन कधीच बंद झाले, पण नाशिकरोडकडून जाताना दिसणाऱ्या त्या चिमण्या अण्णांना अजून आपल्या वाटतात. ते सांगत होते की वीज मागितली त्या क्षणालाच तयार करावी लागते. कोठारात भरून ठेवलेल्या धान्यासारखी ती काढून देता येत नाही. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही, की फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली घसरायला लागते. कंट्रोल रूममधल्या माणसाचं अर्धं लक्ष कायम त्या आकड्यावर. दुपारी तो बरा असायचा. दिवस मावळला की घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि आकडा खाली यायचा. कोळशाचा संच बटण दाबून वाढत नाही. बॉयलर, वाफ, टर्बाईन, सगळं आपल्या गतीनं चढतं. थंड पडलेला संच पुन्हा उभा करायला कित्येक तास लागतात. अशा वेळी धावून यायची ती कोयना. पाण्याची टर्बाईनं काही मिनिटांत भार उचलतात, म्हणून राज्याच्या संध्याकाळी कोयनेवर टाकलेल्या. "आणि त्याच वेळी," अण्णा म्हणाले, "तू गाडीला तीन किलोवॅट लावणार. तुझी एकटीची गाडी काही नाही. पण तुझ्यासारखेच सगळे ऑफिसातून घरी आले की प्लग लावणार."

एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. गाडीत वीस युनिट भरली तर चौदा-पंधरा किलो. हा हिशेब अण्णांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवला. मी तो कागद फाडून ठेवला आहे. विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरं आहे, पण तिचा धूर कुठे आणि किती निघेल हे ती कोणत्या वेळी वीज घेते त्यावर ठरतं, आणि ती वेळ आता माझ्या हातात आहे.

दिवसाची वीज आता वेगळी झाली आहे. गेल्या दहा वर्षांत सौर प्रकल्प इतके उभे राहिले, की ऊन डोक्यावर असताना ग्रीडमध्ये वीज भरपूर असते. कोळशाच्या संचांना तेव्हा आपला भार खाली आणायला सांगतात. सूर्य कलला की हे सगळं एकदम ओसरतं आणि नेमकी त्याच वेळी घरांची मागणी चढते. विजेच्या दरांनीही आता हे मानलं आहे. १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार वापर मोजणारा टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. पूर्वी कारखान्यांना स्वस्त वीज रात्री १० ते सकाळी ६ मिळायची. आता दरांचं पारडं रात्रीकडून दिवसाकडे झुकलं आहे. परदेशातली पुस्तकं आणि चित्रफिती बघून आपल्याकडे अजून सांगतात की गाडी रात्री लावा, रात्री वीज स्वस्त आणि रिकामी असते. ज्या देशांत रात्रभर वारा वाहतो आणि पवनचक्क्या फिरतात, तिथे ते बरोबर आहे. आपली रात्र कोळशावर चालते. आपल्याकडे रिकामी वेळ दुपारची आहे. ही गोष्ट मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही. ती एका निवृत्त ऑपरेटरकडून कळली.

आमची गाडी दिवसा घरीच असते, हे आमचं सुदैव. माझं कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि नवरा अंबडला कंपनीच्या बसनं जातो. गाडी लागते ती अण्णांना आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दवाखान्यात न्यायला, रविवारी त्र्यंबकला जायला, महिन्यातून एकदा माहेरी. त्यामुळे आदल्या संध्याकाळी प्लग लावून ठेवायचा आणि सकाळी पहिला तास संपला की स्टाफरूममधून चार्जिंग सुरू करायचं, अशी माझी पद्धत बसली. नुसती वेळ लावून ठेवता येते, पण मी हातानं सुरू करणं पसंत करते. घरचा मंजूर भार मर्यादित आहे. सकाळी गीझर, वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर चालू असताना वर गाडी टाकली तर मेन पडतो. म्हणून आधी आईंना फोन. "आई, मोटर बंद झाली का?" त्या "हो, झाली गं, भर तुझी गाडी" म्हणाल्या, की मी बटण दाबते.

ते बटण दाबल्यावर काय होतं, हे अण्णांनी मला एकदा चार्जरचं झाकण उघडून, बोट लावून समजावलं. भिंतीवरच्या चार्जरच्या प्लगमध्ये सात पिना असतात. जाड पिना विजेच्या, मधली अर्थिंगची, आणि वर दोन बारीक. त्या दोन बारकांपैकी एकीवरून गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. प्लग मोकळा असताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात. गाडीत बसवला की ९ होतात, म्हणजे गाडी आली, पण अजून घेत नाही. गाडीनं तयारी दाखवली की ६. याच तारेवरून चार्जर सेकंदाला हजार ठोके पाठवत असतो. ठोक्याची रुंदी किती, यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायचे आहेत. दहा टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर, त्रेपन्न टक्क्यांच्या आसपास म्हणजे ३२. गाडी त्यापेक्षा जास्त ओढत नाही. ९ चे ६ व्होल्ट झाले की चार्जरच्या आतला काँटॅक्टर खट् करून बसतो आणि मगच जाड पिनांत वीज येते. तोवर प्लगला हात लावला तरी त्यात काही नसतं. अण्णांना तो खट् आवाज फार आवडतो. मी कॉलेजमधून बटण दाबलं की ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले असतात आणि आवाज आला की फोन करून सांगतात, "बसला."

माझ्या बोटापासून त्या काँटॅक्टरपर्यंत चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. आज्ञा मात्र तिथे थेट जात नाही. ती आधी कंपनीच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जाते, तिथून चार्जरच्या वाय-फायवर किंवा गाडीतल्या सिमकार्डावर उतरते. दोन-चार सेकंद फोनवर चक्र फिरत राहतं, ते त्या वळशाचं. या वळशाबद्दल माझी दोन ठाम मतं आहेत. पहिलं असं, की सुरक्षेची एकही गोष्ट या वळशावर अवलंबून असता कामा नये. इंटरनेट बंद पडलं तरी गाडी भरत राहिली पाहिजे आणि गळती झाली तर भिंतीवरचा आरसीबीओ, म्हणजे वीज तोडणारा स्विच, जागच्या जागी पडला पाहिजे. दुसरं असं, की आमची गाडी केव्हा घरी असते आणि केव्हा नसते याची रोजची नोंद त्या सर्व्हरवर साठते. ती नोंद आमची आहे. ती किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार, हे कंपन्यांनी साध्या मराठीत सांगायला हवं.

ॲपमध्ये दिसणाऱ्या सगळ्या हिरव्या खुणांच्या खाली एक गोष्ट असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: अर्थिंग. आमचं रो-हाऊस जुनं आहे. पार्किंगमधला पंधरा अँपिअरचा पॉईंट अडीच स्क्वेअरच्या वायरवर, आणि तीच वायर पुढे बाहेरच्या दिव्याला गेलेली. चार्जर लावल्यावर त्यानं लाल दिवा दाखवून वीज घ्यायला नकार दिला. वायरमन आला, त्यानं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर धरला, तर काटा दहा व्होल्टच्या वर. अर्थिंगचा जुना खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. इकडे वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम. एप्रिल-मेमध्ये ओल खोल जाते आणि जमीन वीज घेईनाशी होते. त्यानं नवा खड्डा खोदला, प्लेट पुरली, तिच्याभोवती कोळसा आणि जाड मिठाचे थर दिले, पाणी ओतलं. मीटरपासून थेट सहा स्क्वेअरची केबल आणि तिच्यावर स्वतंत्र आरसीबीओ. मग काटा दोनच्या आत आला. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या आई अर्थिंगच्या पाईपात ओततात. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: ॲप नंतर बघा, आधी वायरमनला बोलवा. तासन् तास तीन किलोवॅट ओढणारं दुसरं काहीच आपल्या घरात नसतं. गीझर वीस मिनिटांत थांबतो. गाडी सहा-सात तास थांबत नाही, आणि सैल बसलेला पॉईंट तेवढ्या वेळात वितळू शकतो.

मला वाटलं होतं की घरापासून लांब बसून विजेचं यंत्र चालवणारी आमच्या माहेरच्या गोतावळ्यात मीच पहिली. गोडी छाटणीच्या दिवसांत माहेरी गेले होते. माझा भाऊ, दादा, द्राक्षाच्या बागेत होता, हातात कात्री. मी बांधावर बसून नाशिकला घरी असलेल्या गाडीचं चार्जिंग चालू केलं आणि त्याला स्क्रीन दाखवली. त्यानं पाहिलं, खिशातून आपला साधा फोन काढला, एक नंबर लावला, दोन आकडे दाबले आणि फोन माझ्या कानाला लावला. विहीर तिथून दीड किलोमीटरवर नदीकाठी. फोनमधून आवाज आला की मोटर चालू झाली आहे. मिनिटभरानं ठिबकच्या नळ्या फुगल्या. "अगं, तुझ्या गाडीचं आत्ता निघालंय," तो म्हणाला, "आमच्या मोटरी कधीच्या फोनवर आहेत."

खरंच आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं. स्टार्टरला जोडायचं, मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचा आणि तिथे वीज आहे की नाही तेही विचारायचं. २००९ मध्ये नोकियानं जगभरच्या कल्पकांसाठी घेतलेल्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. त्यानंतर तशा पेट्या तालुक्याच्या दुकानांत मिळू लागल्या. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या शेतकऱ्यानं ती पेटी हौसेनं घेतली नाही. उसातून बिबट्या फिरतो. रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाणारा माणूस जीव मुठीत धरून जातो. साप वेगळा, ओल्या स्टार्टरचा शॉक वेगळा. थंडीत निफाडचा पारा अनेकदा राज्यात सगळ्यात खाली उतरतो, तेव्हा द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या आणि पाणी सोडायचं. अशा वेळी अंथरुणातून पंप चालू करता येणं म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं. ते आता नाहीत.

त्या पेटीच्या आधी खेड्यात ऑटो स्विच आला होता, आणि त्याची गोष्ट प्रत्येक मोटारवाल्यानं ऐकावी अशी आहे. ऑटो स्विचचं काम एकच: वीज आली की मोटर आपोआप चालू करायची. एका शेतकऱ्यासाठी ही सोयच. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटरी, सगळ्यांना ऑटो स्विच, आणि रात्री वीज आली की सगळ्या एकाच क्षणी उठायच्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. तो सगळा धक्का एकदम डीपीवर बसायचा आणि डीपी जळायची. मग दुसरी येईपर्यंत उभं पीक वाळताना बघत बसायचं. महावितरणनं वर्षानुवर्षं आवाहनं केली: ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. आमच्या गावानं डीपी जळल्यावर ते मनावर घेतलं. दादा आणि त्याच्या डीपीवरचे बाकीचे आता ठरवून, मागे-पुढे मोटरी चालू करतात.

हीच गोष्ट ब्रिटननं कायद्यात लिहिली. तिथे ३० जून २०२२ पासून घरी बसवायचा चार्जर असा असावा लागतो, की ठरलेली वेळ झाली तरी तो लगेच सुरू न होता दहा मिनिटांपर्यंत कितीही उशिरानं, आपल्या मनानं सुरू होईल. स्वस्त दराची वेळ झाली म्हणून हजारो गाड्यांनी एकाच सेकंदाला वीज ओढू नये, यासाठी. शिवाय चार्जर पहिल्यांदा सुरू करताना त्यात गर्दीची वेळ टाळणारी वेळ आधीच सुचवलेली असावी लागते. मालकाला बदलायची असेल तर त्यानं बदलावी. तो नियम वाचताना मला आमच्या गावाची डीपी दिसत होती. आपल्याकडे असा नियम व्हायला हवा आणि लवकर व्हायला हवा. उद्या कॉलनीत प्रत्येक दारात गाडी आली आणि सगळ्यांनी सवलतीसाठी बरोबर नऊचा आकडा लावला, तर ज्या ट्रान्सफॉर्मरवर आपण उभे आहोत त्याचंही तेच होईल.

अशा पाळ्या लावून घेणं नाशिक जिल्ह्याला नवीन वाटायचं कारण नाही. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर शेतांचे फड आणि प्रत्येक फडाची पाण्याची पाळी ठरलेली. पाटकरी पाणी फिरवायचा. पाणी कमी असलं की सगळ्यांचंच कमी व्हायचं आणि कोणतं पीक घ्यायचं तेही फडानं मिळून ठरवायचं. वरच्याला जास्त आणि शेपटाकडच्याला कोरडं, असं होऊ नये म्हणून माणसांनी एकमेकांवर घालून घेतलेली ती शिस्त होती. आमच्या गल्लीत आता चार-पाच घरांत विजेच्या गाड्या आहेत. अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही वेळा वाटून घेतल्या. कोणी साडेनऊ, कोणी अकरा, ज्यांची गाडी दुपारी परत येते ते दोन. लेखी काही नाही. कोणाला अडचण आली तर व्हॉट्सॲपवर कळवायचं. पाटकऱ्याचं काम अण्णांनी आपणहून घेतलं आहे.

दादाच्या फीडरला आता दिवसा वीज मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर पॅनेल उभारायची आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असं तिचं स्वरूप आहे. जिथे ती पोचली तिथे माणसं रात्री घरी झोपतात. मला या योजनेबद्दल जी आपुलकी वाटते ती आकड्यांमुळे वाटत नाही. वहिनी सांगते की मुलं आता बापाबरोबर जेवतात आणि झोपतातही. आमच्या घरी ते नव्हतं.

एक शंका माझ्या मनात होती. शेतकऱ्यांना कशीबशी दिवसाची वीज मिळू लागली आणि आता शहरातल्या गाड्याही दिवसाचीच वीज मागणार. हे त्यांच्या ताटातलं घेणं तर नाही ना? अण्णांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की दुपारी वीज भरपूर आहे, ती खपवायला माणूस हवा आहे. चणचण आहे ती दिवस मावळल्यावरची. दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवायची तर डोंगर लागतो. तसा डोंगर आपल्या शेजारीच आहे. इगतपुरीच्या दक्षिणेला घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून चालतो. वीज जास्त असते तेव्हा खालच्या, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, काही भाग जातोच. त्यापेक्षा गाडीसारखी ज्या कामाला घाई नाही ती वस्तू थेट दुपारीच भरून घ्यावी. डोंगराचं पाणी ज्यांना थांबता येत नाही त्यांच्यासाठी ठेवावं. दवाखान्यांसाठी, लोकलगाड्यांसाठी, दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी.

ज्यांना वेळ निवडता येत नाही त्यांचा विचार केला की मी अस्वस्थ होते. माझी एक मैत्रीण गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते. तिच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला नाही. आधी म्हणाले वीज कंपनीची खास परवानगी आणा, मग म्हणाले आग लागेल, मग म्हणाले सर्वसाधारण सभेत बघू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच स्वच्छ लिहिलं होतं की घरातल्या किंवा कार्यालयातल्या आपल्या आहे त्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. सोसायटीनं विचारायचे खरे प्रश्न वेगळे आहेत. केबल किती जाडीची, ती कुठून न्यायची, आरसीबीओ आहे का, अर्थिंग तपासलं का, आणि सगळ्यांचे चार्जर एकदम चालू झाले तर इमारतीचा मंजूर भार पुरेल का? ते प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. तिची गाडी मिळेल तेव्हा, मिळेल तिथे, बहुतेक रात्री उशिरा बाहेर चार्ज होते. तळघरात पार्किंग असेल तर आणखी एक अडचण. तिथे मोबाईलचा सिग्नल पोचत नाही आणि ॲप मुकं होतं. तिथे वाय-फायचा एक राऊटर लावावा लागेल, किंवा चार्जरवरच वेळ लावायची सोय हवी. मोठा खर्च नाही, पण कोणीतरी सभेत उठून मागायला हवं.

आणि बहुतेकांची गाडी दिवसा घरी नसतेच. ती सातपूरला, अंबडला, सिन्नरला, कंपनीच्या शेडखाली उभी असते. हे शहर मोठं झालं ते मायकोच्या डिझेल नोझलवर. मायको आता बॉश झाली, तरी मायको सर्कल हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं. ज्या शहरात डिझेलचे सुटे भाग घडले, तिथेच ब्रेकर आणि स्विचगिअर बनवणारे एबीबी, क्रॉम्प्टनसारखे कारखानेही आहेत. विजेचं काम जाणणारी इतकी माणसं एका शहरात क्वचितच सापडतील. त्या कारखान्यांच्या छपरांवर दुपारी ऊन सांडत असतं. त्याच छपरांखाली कामगारांच्या आणि साहेबांच्या, दोघांच्याही गाड्यांना साधे पंधरा अँपिअरचे नीट अर्थिंग केलेले पॉईंट मिळाले तरी पुष्कळ झालं. वेगवान चार्जरची गरज नाही. आठ तासांच्या पाळीत तीन किलोवॅटनं वीस-बावीस युनिट आरामात भरतात. नाशिकहून पिंपळगाव, दिंडोरी, त्र्यंबक, सिन्नर असं रोजचं जाणं-येणं करणाऱ्याला तेवढं एका दिवसाला पुरून उरतं.

ॲप बनवणाऱ्यांनाही सांगणं आहे. मोठ्या अक्षरात मराठी द्या. चालू आणि बंद ही दोन बटणं पहिल्याच पानावर ठेवा, जाहिरातींच्या खाली नको. गाडी नवी असताना आतली वेळ दुपारची लावून पाठवा, बहुतेक माणसं ती बदलणार नाहीत. नऊ वाजता सगळ्या गाड्या एकदम उठणार नाहीत, एवढी मागे-पुढे व्हायची सोय त्यात घाला. दादाचा फोन जे काम एका नंबरात करतो, ते तुमच्या ॲपला आठ पानांत जमत नसेल, तर ते पुन्हा बनवा.

आणि ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना एवढीच विनंती. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मीटर टीओडी आहे का ते बघा. गाडी दिवसा घरी असेल तर नऊ ते पाचमध्ये भरा, आणि शेजाऱ्याशी बोलून वेळ थोडी मागे-पुढे ठेवा. दिवसा जमतच नसेल, तर निदान संध्याकाळी सहा ते दहा हे चार तास सोडा. प्लग लावून ठेवा, पण वेळ दहानंतरची लावा. ॲपमध्ये ती लावायला अर्धं मिनिटही लागत नाही. आज घरी गेल्यावर लावा.